रा. रं. बोराडे

रावसाहेब रंगराव बोराडे (जन्म : २५ डिसेंबर १९४०, काटगाव, मृत्यू : ११ फेब्रुवारी २०२५, छत्रपती संभाजीनगर) हे मराठी कथाकार, कादंबरीकार, नाटककार आणि प्राचार्य होते. मराठवाड्याच्या ग्रामीण साहित्यातील ते एक प्रमुख लेखक मानले जातात.

जीवन आणि अध्यापन

बोराडे यांचा जन्म लातूर तालुक्यातील काटगाव येथे शेतकरी कुटुंबात झाला. त्या वेळी हा भाग निझामाच्या हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात होता; स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये निर्माण झाला. मराठीचे प्राध्यापक म्हणून अध्यापन केल्यानंतर वैजापूर, परंडा आणि औरंगाबादचे देवगिरी महाविद्यालय येथे त्यांनी प्राचार्यपद सांभाळले. वैजापूर व परंडा ही दोन्ही तालुक्याची गावे असल्याने, घरात बोली बोलणारे आणि वर्गात प्रमाण मराठी शिकणारे विद्यार्थी हाच त्यांचा नित्याचा सहवास होता. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

साहित्य

१९६२ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘पेरणी’ हा त्यांचा पहिला कथासंग्रह होय. ‘मळणी’, ‘वाळवण’, ‘राखण’ हे पुढील संग्रहही शेती आणि घरकामातील शब्दांचीच नावे धारण करतात.

‘पाचोळा’ (१९७१) ही त्यांची सर्वाधिक चर्चिली गेलेली कादंबरी. खेड्यातील गंगाराम शिंप्याच्या संसाराची वाताहत त्याची पत्नी पारबती हिच्या तोंडून उलगडते. ग्रामीण कथेत निवेदन प्रमाणभाषेत आणि केवळ संवाद बोलीत लिहिण्याचा प्रघात होता. ‘पाचोळा’मध्ये मात्र निवेदनही बोलीतच आहे. त्यामुळे खेड्याविषयी कोणी सुशिक्षित त्रयस्थ बोलत नाही. निर्णयांत वाटा नसलेली, परंतु त्यांचे परिणाम सोसणारी स्त्रीच स्वतःच्या शब्दांत बोलते. मराठवाडी बोली विनोदापुरती किंवा स्थानिक रंगापुरती मर्यादित नसून संपूर्ण शोकात्म कथा पेलू शकते, हे या कादंबरीने सिद्ध केले.

‘आमदार सौभाग्यवती’ या कादंबरीत राजकारणात आलेल्या स्त्रीचे चित्रण असून तिचे नाट्यरूपांतर रंगभूमीवर आले. ‘चारापाणी’ ही त्यांची आणखी एक उल्लेखनीय कादंबरी होय.

सन्मान

महाराष्ट्र शासनाच्या विंदा करंदीकर जीवनगौरव पुरस्कारासाठी त्यांची निवड झाली होती. वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.