दुसरी लेन, तांबडी धूळ

चपला इथेच काढून ठेवा. पायांत हे कातडी बूट चढवा, पण जपून, तळाला लांब खिळे आहेत. फरशीवर दोन पावलं टाकलीत की कडकड वाजतील. वाजू देत. बोळातल्या सगळ्याच बायकांचे वाजतायत. मालिशच्या तेलाचा उग्र वास नाकात शिरतोय, कुणाच्या तरी घामेजल्या लोकरीचाही. बोलत मात्र कुणीच नाही.

टोकियो ऑलिंपिक, ऑक्टोबर १९६४. पुढचं एक मिनिट तुम्ही ऑस्ट्रेलियाची धावपटू बेटी कथबर्ट आहात.

वय २६. वेगाच्या शर्यतीत तेव्हा हे वय जास्त समजत. अठराव्या वर्षी मेलबर्न ऑलिंपिकला तुम्ही १०० मीटर, २०० मीटर आणि रिले अशी तीन सुवर्णपदकं घेतलीत. मग रोम ऑलिंपिकमध्ये मांडीमागचा स्नायू दुखावला आणि तुम्ही धावणं सोडलंत. वडिलांची रोपवाटिका होती. ओल्या मातीत हात घातले की बरं वाटायचं. पण परत धाव म्हणणारा एक आवाज डोक्यातून जाईना. शेवटी त्याचं ऐकलंत, आणि अंतर निवडलंत ४०० मीटर. ऑलिंपिकमध्ये बायका हे अंतर पहिल्यांदाच धावतायत.

चला बाहेर. डोळे आधी दिपतील. मग दिसेल ट्रॅक, तांबूस, जणू कौलांचा बारीक चुरा करून अंथरलाय. आपल्या तालमीतली माती आठवेल, फक्त ही कोरडी आणि टणक आहे. वर माणसंच माणसं. मांडीवर भाताचे डबे, हातात कागदी झेंडे, आणि छातीवर आदळणारा एकच घुमारा. त्यातला एक शब्दही तुम्हाला कळत नाही.

तुमची लेन दुसरी. ठोकळे जमिनीत ठोकून घट्ट करा, टाचेनं दाबून पाहा. आता गुडघा टेका. खडा रुतला? राहू दे. समोर वळणावर पुढेपुढे सरकलेल्या सहा पाठी दिसतात. सहाव्या लेनमध्ये ब्रिटनची ॲन पॅकर. उपांत्य फेरीत ती सगळ्यांत वेगवान होती. ती तुम्हाला दिसते, तुम्ही तिला दिसत नाही. हे मनात धरून ठेवा.

जपानी सूचना येते. मग ‘योइ’, म्हणजे तयार. कंबर वर. सत्तर हजार माणसं एकदम गप्प.

ठाप!

पहिलं वळण तुमच्या ओळखीचं आहे. कितीतरी वर्षं पायांनी हेच केलंय. तोंड नेहमीसारखं सताड उघडं, त्यात वारा आणि धूळ. पलीकडच्या सरळ पट्ट्यात तुम्ही वेग राखून ठेवत नाही, जाता. खिळ्यांचा खर्रखर्र आवाज, त्यावर तुमचाच श्वास. शंभर मीटरमध्ये विचाराला जागा नसते, पाय संपवून टाकतात. इथे अर्ध्यावर विचार येतो: उरलेलं जमेल ना? मला वाटतं, वेगानं धावणाऱ्या माणसाला या शर्यतीत सगळ्यांत कठीण हेच जात असावं. वेग होताच. दम पुरेल की नाही या शंकेबरोबर धावायची मात्र सवय नव्हती.

दुसरं वळण. मांड्या भरून आल्या. हात गार, बोटं जड, घसा आतून खरवडल्यासारखा. एकेक पाठ मागे पडत गेली आणि वळण संपताना समोर कुणीच नाही, नुसती तांबडी माती आणि पांढऱ्या रेघा. आता मागून पावलं ऐकू येतात. पॅकर. मान वळवू नका! गुडघे वर येत नाहीत, तरी उचला. खांदे आखडतायत, सोडा. आवाज जवळ आला, आणखी जवळ, आणि तेवढ्यात छातीला फीत लागते.

५२.० सेकंद. पॅकर ५२.२. एका पावलाचा फरक.

थांबता येत नाही, पाय अजून पुढेच ओढतायत. कुणी हात पुढे करतं, कुणी खांदा धरतं, मैदान गरगरतंय. कमरेवर हात ठेवून वाका. ओठांवरून जीभ फिरवा. विटांची चव लागेल, आणि मीठ.