सायकल आणि सार्वजनिक वाहतूक : जोडप्रवासाचे गणित

एकेकाळी ‘सायकलींचे शहर’ अशी ओळख असलेल्या पुण्यात २०१८ मध्ये नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येहून अधिक झाली. कार्यालयात जाण्यासाठी स्वतःची मोटार किंवा स्कूटर अपरिहार्य आहे, असा समज त्यामागे आहे. नुसती बस घरापर्यंत येत नाही आणि वीस किलोमीटर सायकल चालवणे सर्वांना झेपत नाही, ही अडचण खरी आहे. मात्र दोन्ही साधनांची सांगड घातली, तर ती बऱ्याच अंशी दूर होते.

जोडप्रवास म्हणजे काय?

घरापासून स्थानक वा बसथांब्यापर्यंत सायकल, लांबच्या पल्ल्यासाठी मेट्रो किंवा बस आणि शेवटचे अंतर पायी, असे या प्रवासाचे स्वरूप असते. दहा मिनिटांत माणूस पायी सुमारे ८०० मीटर जातो, तर बेताच्या वेगाने सायकलवर सुमारे अडीच किलोमीटर. अंतर तिप्पट झाले, की स्थानकाच्या आवाक्यात येणारे क्षेत्र नऊपट होते. म्हणजेच, नवे स्थानक न बांधताही कितीतरी अधिक वस्त्या मेट्रोला जोडल्या जातात.

पुण्यातील सोयी

पुणे व पिंपरी-चिंचवडच्या स्वतंत्र बससेवांचे २००७ मध्ये विलीनीकरण होऊन ‘पीएमपीएमएल’ अस्तित्वात आली. मेट्रोचे पहिले टप्पे ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले. वनाज ते रामवाडी हा मार्ग मार्च २०२४ मध्ये, तर पिंपरी ते स्वारगेट हा मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाला. दोन्ही मार्ग जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकांना मिळतात. त्यामुळे कोथरूडच्या रहिवाशाला वनाजपर्यंत सायकलने जाऊन पुढे नगर रस्ता किंवा पिंपरी गाठता येते. 

कच्चे दुवे

केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य दिले. पुणे महापालिकेनेही २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. प्रत्यक्षात मात्र अनेक सायकल मार्ग मध्येच तुटतात, तर काहींवर वाहने उभी असतात. त्याच सुमारास आलेल्या भाड्याच्या सायकलींच्या योजनाही फार काळ टिकल्या नाहीत.

या त्रुटींचा सर्वाधिक फटका बसतो तो बांधकाम मजूर, सुरक्षारक्षक, दूध व वृत्तपत्र विक्रेते यांना. त्यांच्यासाठी सायकल ही हौस नसून उपजीविकेचे साधन आहे. सलग मार्ग, चौकात सुरक्षित वळण आणि स्थानकाबाहेर सायकल बांधण्यासाठी पक्की, छताखालील जागा या गोष्टी त्यांच्या जिवाशी निगडित आहेत. मोटार उभी करण्यास लागणाऱ्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात, हेही लक्षात घ्यायला हवे.

सुरुवात कशी करावी?

- सुट्टीच्या दिवशी मार्ग पाहून घ्यावा. मुख्य रस्त्याला समांतर असलेल्या गल्ल्या बहुधा अधिक सुरक्षित असतात.
- आरंभी आठवड्यातून एक-दोन दिवसच हा प्रवास करावा.
- पुढे पांढरा व मागे लाल दिवा, हेल्मेट आणि मडगार्ड असावे.
- कुलूप केवळ चाकाला न लावता सायकलच्या सांगाड्यासह पक्क्या खांबाला लावावे.
- उभ्या मोटारींपासून दार पूर्ण उघडले तरी लागणार नाही इतके अंतर राखावे. दार अचानक उघडण्याचा धोका असतो. वळणाऱ्या बसच्या डाव्या बाजूला कधीही शिरू नये.
- पावसाळ्यात ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतात. वेग कमी ठेवावा आणि कोरडा सदरा जवळ बाळगावा.

वेळेचा हिशेब करताना कोंडीत अडकणे आणि पार्किंगचा शोध यांत जाणारा वेळही धरावा. जोडप्रवास काही वेळा दहा-पंधरा मिनिटे अधिक घेतो. परंतु त्यातच व्यायाम होतो आणि गाडीत बसून वाचनही करता येते. घरातील मोटार लगेच विकण्याची गरज नाही. रोजच्या ठरावीक प्रवासासाठी ती बाहेर काढावी का, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर काही अंशी नागरिकाच्या सवयीवर आणि बरेचसे महापालिकेने दिलेल्या रस्त्यावर अवलंबून आहे.