यंत्रांची जननी आणि राजाश्रय

टेंभुर्णीसारख्या उसाच्या मुलखांत चरकाचा दांडा झिजला, कीं लेथच धांवून येतो. यंत्रें घडविणारें हें यंत्र परक्याचें, तर सारेंच उसनवार! उद्योगास राजाश्रय देण्याचें शहाणपण चिमुकल्या औंध संस्थानास सुचलें: बेळगांवची जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांस १९१० सालीं पंतप्रतिनिधींनीं कुंडलजवळचा निवडुंगांचा माळ नांगरांच्या कारखान्यासाठीं दिला. याच घराण्यानें १९४१ सालीं म्हैसूर संस्थानांत, हरिहरास, लेथांचा कारखाना काढला. स्वतंत्र हिंदुस्थानच्या सरकारनें बंगळुरास ‘हिंदुस्थान मशीन टूल्स’ स्थापिली ती १९५३ सालीं, स्विस ओर्लिकॉन कंपनीच्या साहाय्यानें. तेथेंच संशोधनसंस्था निघावयास मात्र १९६२ साल उजाडलें. हा विलंब आम्हांस खटकतो. नकाशे परक्यांचेच गिरवावयाचे होते काय?