तोशिबाने रोखलेले गाणे

१/४
एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला. त्याचे पडसाद जपानी रॉक संगीतातही उमटले. 'आरसी सक्सेशन' या बँडचे गायक कियोशिरो इमावानो यांनी एल्विस प्रेस्लीच्या 'लव्ह मी टेंडर' या प्रेमगीताच्या चालीवर अणुऊर्जेविरुद्ध जपानी शब्द रचले.

२/४
हे सिंगल २५ जून १९८८ रोजी, तर 'कव्हर्स' हा अल्बम ६ ऑगस्टला, म्हणजे हिरोशिमा दिनी, प्रकाशित व्हायचा होता. मात्र प्रकाशक होती तोशिबा-ईएमआय, आणि तिची पालक कंपनी तोशिबा स्वतः अणुभट्ट्या उभारत असे.

३/४
२२ जूनच्या वृत्तपत्रात जाहिरात झळकली. ही गाणी फारच उत्कृष्ट असल्यामुळे प्रकाशित करता येत नाहीत, असा तिचा आशय होता. सरकारने कोणताही मनाई हुकूम काढला नव्हता. मालकीचे हितसंबंधच पुरेसे ठरले.

४/४
बँडने आपली जुनी कंपनी 'किटी'कडे धाव घेतली. १५ ऑगस्टला 'कव्हर्स' प्रकाशित झाला आणि ओरिकॉनच्या यादीत अव्वल ठरला. इमावानो २००९ मध्ये निवर्तले. दोनच वर्षांनी फुकुशिमा दाइइची येथे तीन अणुभट्ट्यांचे गाभे वितळले. त्यांतील तिसरी तोशिबाने पुरवलेली होती.