गुरं कोण राखणार?

(आंबिवली येथे शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मघाशी बाहेर चहा घेताना एका बाईंनी मला विचारलं, "सर, हल्ली मुलं प्रश्नच विचारत नाहीत. कुतूहल गेलं कुठे?" मी म्हटलं, तुमच्या वर्गात कोणीच विचारत नाही? त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "एक आहे. वीटभट्टीवरचा. पण तो आठवड्यातून दोनच दिवस येतो."

मी आज अभ्यासक्रमावर बोलायचं टिपण करून आणलं होतं. ते खिशातच ठेवतो. बाईंच्या उत्तरातच आजचा विषय आहे. प्रश्न विचारणारं मूल शाळेत नाही आणि शाळेतलं मूल प्रश्न विचारत नाही, हे काय गौडबंगाल आहे?

थोडं मागे जाऊ. 1882 साली सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला. पुण्यातून जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे निवेदन दिलं. बाराव्या वर्षापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच निवेदनात त्यांनी आणखी एक साधी गोष्ट नोंदवली आहे, तिच्याकडे आपण फारसे जात नाही. शेतकरी आणि गरीब लोक मुलांना शाळेत का पाठवत नाहीत? तर घरात दारिद्र्य आहे, आणि मुलं गुरं राखायला, शेत सांभाळायला लागतात. म्हणून जोतीराव म्हणतात, नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही, या मुलांना शिष्यवृत्त्या द्या, बक्षिसं द्या. अभ्यासक्रमही ते सांगतात: मोडी, बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य. शिक्षक कसा हवा? नांगराची मूठ धरायला न लाजणारा. पण या सगळ्याच्या आधी त्यांना ती गुरं दिसली. गुरं कोण राखणार, याचं उत्तर असल्याशिवाय अभ्यासक्रम कोणाला शिकवायचा?

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तत्त्वज्ञानाचा उगम आश्चर्यात आहे, असं प्लेटो 'थिएटेटस'मध्ये सॉक्रेटिसकडून वदवतो. हे मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना उतरवून घ्यायला सांगितलं. आश्चर्याचं डिक्टेशन! (हशा) हसताय, पण माझ्या वर्गात कोणी हसलं नाही. त्यांना परीक्षा होती.

प्लेटोचा शिष्य अ‍ॅरिस्टॉटल जरा व्यवहारी माणूस. तो म्हणतो, पोटापाण्याची सोय झाली, मोकळीक मिळाली, तेव्हाच माणसं केवळ जाणण्यासाठी जाणू लागली. इजिप्तमध्ये गणित का उगवलं? तिथल्या पुरोहितांना सवड होती म्हणून. आणि गंमत बघा, आपण ज्याला इंग्रजीतून स्कूल म्हणतो तो शब्द मुळात ग्रीक 'स्खोले'. त्याचा अर्थ सवड. शाळा म्हणजे सवड! तुमच्या चेहऱ्यांवरून दिसतंय की हे तुम्हाला विनोदासारखं वाटतंय.

आता आपल्या ठाणे जिल्ह्यात येऊ. आपल्या म्हणजे जुन्या; 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला, पण मी सांगतोय तेव्हा आंबिवली आणि डहाणू एकाच जिल्ह्यात होते.

ताराबाई मोडक 1892 सालच्या. राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील, पुढे मुलांचे वकील झाले. दोघांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. प्रेरणा मारिया माँटेसरींची. आता हे लक्षात घ्या की माँटेसरीबाईंनी आपलं पहिलं बालगृह 1907 साली रोममध्ये, सान लोरेन्झोच्या कामगारवस्तीत काढलं होतं. आईबाप कामावर आणि पोरं जिन्यावर, अशी ती मुलं. पण हीच पद्धत भारतात आली तेव्हा तिच्याबरोबर महागडी लाकडी साधनंही आली, आणि माँटेसरी ही शहरातल्या सुखवस्तू घरांची गोष्ट होऊन बसली. ताराबाईंनी दादरला शिशुविहार उभा केला, तो उत्तम चालला. पण ज्या मुलांसाठी मुळात हे निघालं, ती मुलं कुठे आहेत, हा प्रश्न काही त्यांची पाठ सोडेना. 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळ समुद्राकाठच्या बोर्डीला गेल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई 1910 सालच्या, मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग शिकून शिक्षिका. बोर्डीला आल्या आणि 1992 मध्ये जाईपर्यंत त्यांनी हे काम सोडलं नाही.

बोर्डीत लाकडी साधनं परवडणार नव्हती. मग शिंपले, बिया, पानं, फुलं, खडे. लहानमोठं, खरखरीत-गुळगुळीत, कमीजास्त हे सगळं त्यांच्यातूनच. पद्धत माँटेसरींची, सामान किनाऱ्यावरचं. पण बालवाडी भरली तरी दलित वस्तीतली मुलं येईनात. तेव्हा या बायका वस्तीत गेल्या आणि तिथल्या अंगणात शाळा मांडली. मुलांना आधी न्हाऊमाखू घालायचं, नखं काढायची, मग गाणी, मग बिया. ती अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये. तिथे दोन अडचणी आल्या. पहिली, मोठी बहीण कडेवर तान्हं घेऊन फिरते, तिला शाळेत कसं आणायचं? उत्तर निघालं विकासवाडी: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, ताई वर्गात. वाटतं किती साधं, नाही? पण 'मुलगी गैरहजर' एवढंच हजेरीपटावर लिहून थांबणाऱ्याला हे कधीच सुचणार नाही.

दुसरी अडचण जोतीरावांचीच, गुरांची. तिचं उत्तर म्हणजे कुरणशाळा. मुलं गुरं घेऊन कुरणात जातात ना, मग शिक्षकाने कुरणात जायचं.

मला इथे अ‍ॅरिस्टॉटलशी भांडावंसं वाटतं. सवड पुरोहितालाच असते असं नाही, गुराख्यालाही असते. गुरं चरत असतात, पोरगं दगडावर बसून बघत असतं. कुठलं गवत गाय सोडून देते हे त्याला माहीत असतं. समजा तो विचारतो, गायबगळा गुरांच्या मागेच का चालतो? गुरांच्या खुरांनी गवतातले किडे उडतात आणि बगळ्याला आयते मिळतात. पण हे लगेच सांगून टाकायचं नाही. म्हणायचं, उद्या बघ, गुरं बसलेली असताना बगळा काय करतो. झाला की प्रयोग सुरू! हा प्रश्न पस्तीस मिनिटांच्या तासात येणार नाही, कारण तो पडायलाच सकाळ जावी लागते.

इथवर गोष्ट गोड आहे. पण ते कुरण कोणाचं होतं?

ताराबाई बोर्डीला गेल्या त्याच 1945 साली, मे महिन्यात, तिथून फार लांब नसलेल्या झरी गावात हजारो वारली जमले. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. त्यांना संघटित केलं होतं गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी. वेठीला नकार द्यायचं तिथे ठरलं. वेठ म्हणजे सावकार-जमीनदाराकडे फुकट राबणं. मग गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला: पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांचा गोळीबार झाला, पाच माणसं गेली. गोदूताईंनी हे सारं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं आहे. अनुताईंचं आत्मकथन 'कोसबाडच्या टेकडीवरून'. माझ्या घरी ही दोन पुस्तकं शेजारी शेजारी आहेत, आणि खरं सांगतो, मला बरीच वर्षं त्यांचा एकमेकांशी संबंधच लागला नव्हता. एक शिक्षणाच्या कप्प्यात, एक चळवळीच्या. दोन्हींत तेच गवत आहे, हे फार उशिरा दिसलं.

वेठ म्हणजे काय तर दुसऱ्याने तुमची सवड उचलून नेणं. गोदूताई ती परत मागत होत्या. अनुताई उरलेल्या सवडीत शाळा मांडत होत्या. कुरणशाळेवर आक्षेप घेता येतो: मुलाने गुरं राखावीत हे तुम्ही मान्यच केलंत की! आक्षेप खरा आहे, तो मी झटकत नाही. मूल कामावर जाऊच नये, हीच मागणी योग्य. पण ती पुरी होईपर्यंत त्या मुलाचं आठवं वर्ष थांबत नाही. आणि उलट, शिंपले मोजायला शिकलेल्या मुलाचा बाप वेठीवरच असेल, तर ते मोजणं किती दिवस टिकेल? मला यातली एक बाजू निवडता आलेली नाही.

आता तो वीटभट्टीवरचा मुलगा. आपल्याकडे शहापूर, मुरबाडकडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर भट्ट्यांवर येतात, पावसाच्या तोंडावर परततात. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं. म्हणजे हे मूल एका गावात पटावर आणि दुसऱ्या गावात विटांवर. वसईकडे विधायक संसद संस्थेने भट्ट्यांवरच शाळा काढल्या, त्यांचं नाव भोंगाशाळा. तुम्हा मोहने-आंबिवलीच्या जुन्या मंडळींना भोंगा म्हटलं की एनआरसीचाच आठवणार, पण तिथे भोंगा म्हणजे भट्टीवरची विटा रचून केलेली झोपडी. कुरणशाळेचीच ही नात म्हणायची.

बरं, कायदा आपल्या बाजूने आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं 29 वं कलम काढून बघा: कृती, शोध, भयमुक्त वातावरण, शक्य तिथे मातृभाषा. ताराबाईंना परकं वाटेल असं त्यात काही नाही. पण 27 वं कलमही त्याच कायद्यात आहे, जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीची कामं शिक्षकाला देता येतात म्हणणारं. त्याशिवाय रोजच्या माहित्या, लिंका, फोटो आहेतच. तेव्हा कुतूहल गेलं कुठे, हे मुलांना विचारण्याआधी मी तुम्हाला विचारेन: मागच्या महिन्यात तुम्हाला स्वतःला एखादा प्रश्न पडावा एवढी सवड कधी मिळाली? (श्रोत्यांतून: नाही मिळाली.) हं.

त्या बाई मागे बसल्या आहेत. बाई, मी तुम्हाला विचारायचं विसरलो. तो मुलगा दोन दिवस येतो तेव्हा विचारतो काय? आणि उरलेले दिवस भट्टीवर त्याच्या कडेवर कोण असतं? माईक द्या जरा त्यांच्याकडे.