आरोग्यशिक्षण: आधी गरज ओळखा, मग आखणी करा

पावसाळा सुरू झाला की उपकेंद्रात जुलाब झालेली बाळे येऊ लागतात. मग गावात सभा होते. 'हात धुवा, ओआरएस द्या' असे सांगितले जाते, पत्रके वाटली जातात. तरीही पुढच्या आठवड्यात त्याच गावातले एखादे बाळ डोळे खोल गेलेले, मलूल अवस्थेत येते. चौकशी केली तर ओआरएसची पुडी घरात असते, पण दिलेली नसते. किंवा एका पेलाभर पाण्यात अख्खी पुडी कालवून पाजलेली असते. असे खारट पाणी बाळाला अपायकारक असते.

सांगणाऱ्याने सांगितले होते, पण ऐकणाऱ्यांना नेमके काय हवे होते हे कोणी पाहिले नव्हते. आरोग्यशिक्षणाची सुरुवात बोलण्याने नव्हे, तर ऐकण्याने आणि पाहण्याने करावी लागते. आशा, परिचारिका, अंगणवाडी सेविका, शिक्षक अशा सर्वांसाठी ही माहिती आहे. उदाहरण म्हणून आपण बाळांचे जुलाब हाच विषय घेऊ.

गरज म्हणजे काय?

लोकांना आज जे येते किंवा ते जे करतात, आणि आरोग्यासाठी जे यायला किंवा करायला हवे, यांतले अंतर म्हणजे शिकण्याची गरज. हे अंतर तीन प्रकारचे असते.

- माहितीचे: जुलाबात पाणी बंद करायचे नसते, हे माहीत नसणे.
- कौशल्याचे: माहीत आहे, पण एक लिटर पाणी मोजता न येणे.
- विश्वासाचे: माहीत आहे, करताही येते, पण 'याने जुलाब थांबत नाहीत, मग उपयोग काय?' असे वाटणे.

तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. माहिती सांगून देता येते. कौशल्य हाताने करूनच येते. विश्वास मात्र अनुभवातून आणि आपल्या माणसांच्या बोलण्यातून बसतो.

बांगलादेशचा धडा

१९८० ते १९९० या दहा वर्षांत बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि मोजून पाणी, असे घरगुती जलसंजीवनी पेय करायला त्यांनी आयांना शिकवले. सांगून न थांबता प्रत्येक आईकडून ते तिच्याच घरात, तिच्याच भांड्यात करून घेतले. कार्यकर्त्यांचे मानधन किती घरे झाली यावर नव्हते, तर आयांच्या किती लक्षात राहिले यावर होते.

तरीही सुरुवातीला एक अडचण आली. आयांना पेय करता येत होते, पण मूल आजारी पडल्यावर फारच थोड्या जणी ते देत होत्या. शोध घेतल्यावर कळले की काही कार्यकर्त्यांचाच या पेयावर विश्वास नव्हता, आणि घरातल्या पुरुषांना तर कोणी काही सांगितलेच नव्हते. मग कार्यकर्त्यांना या पेयामागचे शास्त्र समजावून देण्यात आले, पुरुषांच्या सभा घेण्यात आल्या आणि वापर वाढला. म्हणजे गरज शोधण्याचे काम कार्यक्रम सुरू झाल्यावरही चालू ठेवावे लागते.

गरजा कशा शोधायच्या?

एका गावासाठी आठवडाभराचे काम पुरते.

१. नोंदी पाहा. गेल्या वर्षी जुलाबाची मुले कोणत्या महिन्यात, कोणत्या वस्तीतून जास्त आली?

२. अलीकडे ज्यांच्या मुलाला जुलाब झाले अशा आठ-दहा घरी जा. 'ओआरएस माहीत आहे का?' असे विचारू नका. उत्तर 'हो' असेच येते. 'त्या दिवशी सकाळपासून काय काय केलेत ते सांगा' असे विचारा.

३. लोकांचे शब्द टिपा. जुलाब, हगवण, दात येतानाचे संडास, टाळू बसणे हे आजार लोक वेगवेगळे मानत असतील, तर 'जुलाबात ओआरएस द्या' हा संदेश दात येणाऱ्या बाळाच्या आईला आपला वाटणारच नाही.

४. निर्णय कोण घेते ते पाहा. अनेक घरांत बाळाला काय पाजायचे ते आजी ठरवते आणि दवाखान्यात कधी न्यायचे ते वडील.

५. करून दाखवायला सांगा. पुडी आणि भांडे समोर ठेवा आणि नुसते पाहा. चूक झाली तरी लगेच टोकू नका.

अडचण शिक्षणाची आहे का?

हा प्रश्न आखणीपूर्वी विचारलाच पाहिजे. आशाताईच्या पेटीत पुड्याच नसतील, किंवा वस्तीला गढूळ पाणी येत असेल, तर ती अडचण शिक्षणाने सुटणार नाही. तिथे पुरवठा आणि ग्रामपंचायत यांच्यामागे लागावे लागेल. साधन नसताना नुसते सांगत राहिले, तर दोष मात्र आईच्या माथी येतो.

आखणी

*उद्दिष्ट:* 'जनजागृती करणे' हे उद्दिष्ट मोजता येत नाही. त्याऐवजी असे लिहा: 'तीन महिन्यांनी, पाच वर्षांखालील मूल असलेल्या दर दहा घरांपैकी आठ घरांत कोणीतरी ओआरएस बरोबर तयार करून दाखवेल.'

*संदेश:* मोजकेच ठेवा.

- पुडी किती पाण्यासाठी आहे ते पाहा. सरकारी पुडी एक लिटरची असते, दुकानात २०० मिलिलिटरचीही मिळते. पूर्ण पुडी, पूर्ण पाणी. तयार पेय २४ तासांत संपवा, उरलेले टाकून द्या.
- प्रत्येक पातळ संडासनंतर दोन वर्षांखालील बाळाला पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, थोडे थोडे पाजा.
- अंगावरचे दूध आणि जेवण चालू ठेवा. झिंकच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे १४ दिवस द्या.
- ओआरएस जुलाब थांबवण्यासाठी नसून शरीरातले गेलेले पाणी भरून काढण्यासाठी आहे.

शेवटचा संदेश सर्वांत महत्त्वाचा आहे. तो पटला नाही तर दोन वेळा पाजून आई थांबते.

*पद्धत:* मोठ्या सभेपेक्षा आठ-दहा जणींचा गट बरा. आजींनाही बोलवा. एक लिटरची पाण्याची बाटली माप म्हणून वापरा, मग घरातल्या तांब्यात किंवा पातेल्यात तेवढे पाणी कुठवर येते ते प्रत्येकीला पाहू द्या. तयार पेय आधी स्वतः पिऊन दाखवा.

*वेळ:* पावसाळ्याआधी सुरुवात करा. शेतीची कामे जोरात असताना दुपारी गट जमत नाही. वेळ त्यांनाच विचारून ठरवा.

उपयोग झाला का?

किती सभा झाल्या, किती पत्रके वाटली हे आपल्या कामाचे मोजमाप झाले. शिकण्याचे मोजमाप वेगळे आहे. महिन्याभराने काही घरी जाऊन पेय करून दाखवायला सांगा. आणि पुढचा प्रश्न विचारा: मागच्या वेळी जुलाब झाले तेव्हा खरेच दिले का? नसेल दिले, तर का नाही? या उत्तरातून पुढच्या फेरीची गरज कळते.

हे प्रत्येक गटात सांगावे

मूल मलूल किंवा बेशुद्ध होणे, पिणे बंद करणे, डोळे खोल जाणे, सतत उलट्या होणे किंवा संडासमधून रक्त पडणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नका. ताबडतोब दवाखान्यात न्या. शुद्धीवर असेल आणि पीत असेल, तर वाटेतही ओआरएस पाजत राहा.