भूमिका कोणाची?

१४ नोव्हेंबर १६०६ रोजी, आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात, पोर्ट रॉयल या फ्रेंच वसाहतीत एक नाटक झाले. मोहिमेवरून परतलेल्या पुत्रँकूर या अधिकाऱ्याच्या स्वागतासाठी मार्क लेस्कार्बो या वकिलाने ते रचले होते. प्रयोग पाण्यावर, होड्यांमध्ये झाला. त्यात समुद्रदेव नेपच्यून येतो आणि त्याच्यामागून चार ‘रानटी’ पात्रे येऊन वसाहतवाल्यांना नजराणे देतात. भूमी मिक्मॉ लोकांची, पात्रेही त्यांचीच. पण तोंडी फ्रेंच पद्य आणि वेषातली माणसे फ्रेंच. उत्तर अमेरिकेच्या नाट्येतिहासात हा प्रयोग आरंभीचा मानतात. मिक्मॉ माणसाची भूमिका दुसऱ्याने करण्याचाही तो आरंभ होता, असे मला वाटते.

पुढे शाळेने हेच अधिक कठोरपणे केले. शुबेनाकेडी येथील निवासी शाळा १९३० ते १९६७ पर्यंत चालली. पैसा सरकारचा, कारभार कॅथलिक चर्चचा. घरापासून तोडलेल्या मुलांना मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होई. तेथेच शिकलेल्या रीटा जो (१९३२–२००७) यांनी पुढे हरवलेल्या बोलीवर कविता लिहिली. कथा आजीकडून नातवाकडे जायच्या. मधली पिढीच मुकी केली गेली.

कथा कागदावर मात्र होत्या. सायलस रँड या बाप्टिस्ट मिशनऱ्याने मिक्मॉ भाषा शिकून त्या कथा लोकांच्या तोंडून टिपल्या. त्यांचा इंग्रजी संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १८९४ मध्ये निघाला. कथानके वाचली; पण सांगणारीचा थांबा आणि ऐकणाऱ्यांचा हुंकार कोण छापणार? म्हणूनच शाळेत या कथा नुसत्या वाचून भागत नाही, त्या सांगाव्या आणि कराव्या लागतात.

स्टीफन ऑगस्टिन या वंशपरंपरागत मिक्मॉ प्रमुखांनी सांगितलेली सृष्टिकथा पाहा. वीरनायक क्लूस्कॅपला आजी भेटते. तिला जगायला मांस हवे. तो मार्टेन या मुंगसासारख्या प्राण्याला प्राण मागतो. मैत्रीखातर मार्टेन देतो. मारल्यावर क्लूस्कॅपला वाईट वाटते. तो जीवनदात्याची प्रार्थना करतो, मार्टेन जिवंत होऊन बिळात परततो आणि त्याच्या जागी दुसरा मार्टेन पडलेला दिसतो. क्लूस्कॅप मार्टेनला भाऊ मानतो.

ही कथा वर्गात करायची तर एका मुलाला मार्टेन व्हावे लागेल, दुसऱ्याला त्याचा प्राण मागावा लागेल. कोणत्या शब्दांत मागायचा? होकार येईपर्यंत किती थांबायचे? निसर्गाकडून गरजेपुरते आणि कृतज्ञतेने घ्यावे, या मूल्याला मिक्मॉ भाषेत ‘नेटुकुलिम्क’ म्हणतात. फळ्यावर त्याची व्याख्या लिहिता येते. मागताना होणारा संकोच मात्र भूमिकेतच कळतो. भाषाही याला साथ देते. मराठीत नामाला तीन लिंगे आहेत. मिक्मॉ व्याकरण नामांची विभागणी सजीव आणि निर्जीव अशी करते. मार्टेनबद्दल बोलतानाच मूल त्याला जिवंतांच्या पंक्तीत बसवते.

येथे शिक्षकाने संयम पाळायला हवा. कथेच्या शेवटी ‘तात्पर्य’ चिकटवले की ती पुन्हा परक्या शाळेची होते. प्रमाण मानायचे ते समाजातील वडीलधाऱ्यांना. छापील पुस्तक त्यानंतर.

१९९८ च्या संघराज्य कायद्याने नोव्हा स्कोशियातील नऊ मिक्मॉ समुदायांना आपल्या शाळांचा कारभार परत मिळाला. २०२२ मध्ये प्रांताने मिक्मॉ ही आपली आद्य भाषा असल्याचे कायद्याने मान्य केले. कायदा दार उघडतो. भाषा बोलणारे वृद्ध मात्र दरवर्षी कमी होत आहेत. ते असतानाच मुलांनी या भूमिका त्यांच्याकडून घ्यायला हव्यात. १६०६ मध्ये पोर्ट रॉयलच्या पाण्यावर दुसऱ्यांनी बळकावलेली जागा त्यांचीच आहे.